पाट्या वाचणाऱ्याचं म्हणणं

नावं आता आठवत नाहीत.
एकाला आम्ही चेकाचं म्हणायचो, दुसऱ्याला वरातीचं.
दोन्ही एकाच आठवड्यात लागली अमळनेरला,
बोरीच्या कोरड्या पात्रात, पेस्तनजीच्या तंबूत.
गिरणीचा रात्रीचा भोंगा झाला की खेळ सुरू.
झावरू पेटीवर, हसनअली हँडलवर,
आणि मी पडद्याच्या उजव्या अंगाला, स्टुलावर,
खेळामागे आठ आणे घेऊन
पाट्या मोठ्यानं वाचणारा.

चेकाचं विलायतेहून आलेलं.
बाप बुडालेला, मुलगी देखणी, पेढीवाला म्हातारा,
आणि फिडल वाजवणारा एक उपाशी पोरगा.
पाट्या इंग्रजीत. माझं इंग्रजी तिसऱ्या बुकापुरतं.
अडलो की सरळ अहिराणीत घुसायचो:
'मना बापनी माले इकी दिधं!'
बायकांच्या बाजूनं हुंदका यायचा.
मड्डम त्या वेळी, मला वाटतं, चहा मागत होती.
मुका घ्यायची वेळ आली
की हसनअली भिंगापुढे टोपी धरायचा.
शेवटी ती चेक फाडते,
तुकडे जिन्यावरून उडत खाली येतात
जिनातल्या कापसासारखे.

वरातीचं आपलं, देशी.
त्यात पैसा कागदाचा नव्हता. रुपये होते,
तबकात मांडलेले, मुके.
झावरू पेटीच्या लाकडावर नखं वाजवून
त्यांना खणखणाट द्यायचा.
दोनशे कमी पडतात.
नवरदेवाचा बाप हात वर करतो, वरात अडते,
घोडासुद्धा मान फिरवतो.
नवरदेव खाली बघतो.
बराच वेळ खाली बघतो.
मग पाटी, गुजराती, हिंदी आणि शेवटी मराठी:
'दोनशे आल्याखेरीज वरात हलणार नाही.'

त्याच आठवड्यात पारोळ्याला माझी बोलणी चालली होती.
साडेसातशे, एक सायकल, मानपान वेगळा.
मुलगी मी पाहिली नव्हती.
चौथ्या रात्री झावरू कानाशी लागला:
उखाशेटची तुळसा मामाकडे आलीय,
कनातीपलीकडे बसलीय, हिरवी शाल.

ती पाटी आली, आणि मी वाचलं:
'बाबा, मला यातला एक रुपया नको!'

तंबू उठला. शिट्ट्या. कुणी पडद्यावर ढब्बू पैसे फेकले.
पुढे पडद्यावर नवरीची आई
हातातल्या पाटल्या उतरवत होती.
ते मी कसं निभावलं कोण जाणे.
बहुतेक म्हणालो, आनंदानं उतरवतेय.

वैशाखात लग्न झालं.
नानांनी साडेसातशे मोजून घेतले,
एक रुपया खोटा म्हणून बदलूनही घेतला.
मी खाली बघत होतो.

पहिल्याच पावसाळ्यात, कळण्याची भाकर थापताना,
मागं न वळता, तुळसा म्हणाली
(घरात ती अहिराणीच बोलायची,
त्या दिवशी शाळेतलं मराठी बोलली):
'मी चौथी पास आहे. पाटीवर तसं नव्हतं.'
मी पाण्याचा तांब्या उगाच हलवला.
'आणि त्याचे ओठ हललेच नव्हते.'

पुढे चित्रं बोलू लागली, स्टूल अडगळीत गेलं.
सायकल मी बावीस रुपयांना विकली,
पैसे नेऊन तिच्या हातात दिले.
काही बोलली नाही. दोनदा मोजले.

आता पुतण्याची पोरं विचारतात, दोन्हीत चांगलं कुठलं?
मी म्हणतो चेकाचं.
त्यात ती निदान फाडते तरी.
तुळसा शेंगा फोडत बसलेली असते.
'वरातीचं,' ती म्हणते.
'त्यात तो गप्प बसतो, तसेच बसतात.
आणि तुझ्या त्या चेकाच्या चित्रात
नंतर जिना कोणी झाडला,
ते दाखवलंय का कुठे?'